मालकाचं उत्तर: सिंह का नाहीत आणि करकोचे का आहेत

नमस्कार ताई,

तुम्ही मुलांना घेऊन रविवारी आमच्या प्राणिसंग्रहालयात आलात आणि एक स्टार देऊन सविस्तर लिहिलंत. इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमची तक्रार आधी थोडक्यात मांडतो. लहानपणी इथे सिंह, बिबट्या आणि हत्ती पाहिल्याचं तुम्हाला आठवतं, आता निम्मे पिंजरेच उरलेले नाहीत. चितळांना बिस्किट द्यायला गेलेल्या मुलाला आमच्या माणसाने अडवलं. बदकं-कोंबड्यांचा कोपरा बंद झाला. तळ्याकाठी माशांचा उग्र वास होता आणि झाडाखाली मेलेलं पिल्लू पडलं होतं. शेवटी तुम्ही लिहिलंय, "बाहेरून उडत येणारे करकोचे दाखवून हे लोक तिकिटाचे पैसे घेतात."

सिंहांपासून सुरुवात करतो, कारण ती आठवण माझीही आहे. माझ्या वडिलांनी हे सुरू केलं तेव्हा प्राणी कुठून आणायचे, किती जागेत ठेवायचे याला फारसा धरबंध नव्हता. आमचे सिंह सर्कशीतून आलेले होते. सर्कशींमधले बरेच सिंह आफ्रिकी आणि आशियाई रक्ताचे संकर होते. गीरचा सिंह शुद्ध आशियाई, त्याचा वंश शुद्ध राहावा म्हणून देशभर अशा संकरित सिंहांची वीण थांबवली गेली. पंजाबातल्या छतबीरसारख्या मोठ्या प्राणिसंग्रहालयातही तेच झालं. आमचे सिंह इथेच म्हातारे झाले, औषधपाण्यात काही कमी पडू दिलं नाही, आणि त्यांच्यानंतर आम्ही दुसरे मागितले नाहीत.

मागितले असते तरी ठेवले कुठे असते? केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ मध्ये स्थापन झालं. त्यांच्या मापदंडाप्रमाणे सिंहाच्या किंवा वाघाच्या एका जोडीला किमान १००० चौरस मीटर मोकळं आवार लागतं. बिबट्याच्या जोडीला त्याच्या निम्मं. तुम्हाला आठवतो तो बिबट्याचा पिंजरा सिमेंटच्या फरशीचा होता आणि बिबट्या दिवसभर एकाच रेषेत येरझाऱ्या घालायचा. मुलांना ते बघायला आवडायचं, पण ती बंदिवासाने जडलेली विकृती असते. त्याला मोठ्या आवाराच्या ठिकाणी पाठवलं, तेही रीतसर परवानगीने. आम्हाला असे प्राणी विकत घेता येत नाहीत आणि विकताही येत नाहीत. मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयांमध्येच प्राधिकरणाच्या मंजुरीने देवाणघेवाण होते. हत्तींबद्दल तर २००९ मध्ये देशभरासाठी आदेश निघाला की प्राणिसंग्रहालयांतले आणि सर्कशींमधले हत्ती पुनर्वसनासाठी हलवावेत. तेव्हा रिकामे झालेले पिंजरे आम्ही पाडले. तिथे आता चितळांचं वाढवलेलं आवार आणि सावलीची झाडं आहेत. साळिंदर, मगरी, कासवं आणि जखमी पक्ष्यांचा मोठा पिंजरा आहे. आमच्या जागेत, आमच्या माणसांना नीट सांभाळता येईल एवढंच आम्ही ठेवतो, आणि हे मी पूर्ण विचाराने म्हणतोय.

बिस्किटाचं म्हणाल तर चितळ रवंथ करणारा प्राणी आहे. मैदा-साखरेने त्याच्या पोटात आम्ल वाढतं आणि जनावर दगावूही शकतं. पुड्याचं प्लास्टिक पोटात गेलं तर आतडं तुंबतं. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना खाऊ घालणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३८-जे खाली गुन्हाच आहे. आमच्या माणसाने मुलाचा हात धरला नाही, आवाज चढवला नाही. त्याने त्याचं काम केलं आणि मी त्याच्या बाजूने उभा आहे.

आता करकोच्यांकडे येतो. या विषयावर थोडं जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्या रिव्ह्यूमध्ये सगळ्यात जास्त मनाला लागलेलं वाक्य त्यांच्याबद्दलचं होतं.

हे करकोचे म्हणजे चित्रबलाक. पिवळी लांब चोच, केशरी-लाल उघडा चेहरा, छातीवर काळा पट्टा आणि शेपटीकडे गुलाबी पिसं. मोठ्या पिंजऱ्यात जे आहेत ते विजेच्या तारांनी किंवा मांजाने पंख गमावलेले आहेत. त्यांना कधीच सोडता येणार नाही. तळ्यातल्या बेटावरच्या बाभळींवर जे घरटी करतात ते पूर्णपणे रानटी आहेत. त्यांना आम्ही आणलं नाही, त्यांचे पंख कापले नाहीत, त्यांना खायलाही घालत नाही. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातल्या तळ्यांवर १९६० पासून असेच रानटी चित्रबलाक घरटी करायला येत आले आहेत. आपल्याकडे इंदापूरला तर तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर त्यांची वीण होते आणि खाली माणसं सातबाऱ्यासाठी रांगेत उभी असतात. भिगवणजवळचं भादलवाडीच्या तलावातलं सारंगागार, म्हणजे पाणपक्ष्यांच्या घरट्यांची वसाहत, पाहायला लोक लांबून येतात. त्यांना हवं असतं उथळ पाणी, त्यात मासे आणि शिकारी प्राण्यांपासून सुरक्षित झाड. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागे सरकतं, उथळ डबक्यांत चिलापी मासळी दाटते. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून डावी-उजवी फिरवत चालतो, पायाने गाळ ढवळतो आणि चोचीला मासा लागला की ती झटक्यात मिटते. नजरेपेक्षा स्पर्शावर चालणारी ही शिकार आहे, म्हणून उथळ पाणी गेलं की पोटही गेलं.

वास येतो, हे खरं आहे. आईबाप मासे गिळून आणतात आणि घरट्यात ओकतात, पिल्लं ते टिपतात. काही तुकडे खाली पडतात, विष्ठाही पडते. फांद्या पांढऱ्या होतात, पानं जळतात. काहींनी आम्हाला सुचवलं की झाडांवर जाळी टाका, फटाके वाजवा, पक्षी निघून जातील. ते आम्ही करणार नाही. त्याऐवजी बेटावर नवी बाभूळ लावतो आणि पायवाट वाऱ्याच्या वरच्या अंगाला वळवली आहे. भर दुपारी थोडा वेळ तिथे थांबून बघा, आई किंवा बाप घरट्यावर पंख पसरून पिल्लांवर सावली धरतो आणि चोचीतून पाणी पाजतो. हे दृश्य मला आमच्या कुठल्याही जुन्या सिंहापेक्षा मुलांना दाखवण्याजोगं वाटतं.

मेलेल्या पिल्लाबद्दल. अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत, त्यामुळे घरट्यातलं धाकटं पिल्लू नेहमी मागे पडतं. मासे कमी मिळाले की आधी ते जातं. वळवाच्या वाऱ्यात पिल्लं खालीही पडतात. जिवंत पडलेलं आम्ही उचलतो, वनविभागाला कळवतो, वाढवतो आणि उडू लागलं की सोडतो. मेलेल्याला मात्र उघड्या हाताने कोणी शिवायचं नाही असा इथला नियम आहे. तुम्ही पाहिलंत तेव्हा त्या जागेभोवती दोरी बांधलेली होती आणि आमचा माणूस पशुवैद्यकांची वाट पाहत शेजारी उभा होता. कारण बर्ड फ्लू. २०२५ च्या ऑगस्टअखेर दिल्लीचं प्राणिसंग्रहालय चित्रबलाकांमध्येच हा रोग आढळल्याने बंद ठेवावं लागलं होतं. संशय आला तर नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जातात. बदकं-कोंबड्यांचा कोपरा आम्ही याच कारणाने उठवला. रानटी पाणपक्ष्यांच्या झाडांखाली पाळीव कोंबड्या ठेवायच्या आणि लहान मुलांनी त्या मांडीवर घ्यायच्या, हा धोका मी पत्करणार नाही.

राहिला तिकिटाचा प्रश्न. करकोचे माझे नाहीत, त्यांच्या उडण्याचे पैसे मी घेत नाही. पण एप्रिल-मे महिन्यांत तळं आटलं तर बेट जमिनीला जोडलं जातं, कुत्री आणि मुंगूस थेट झाडांपर्यंत पोहोचतात, आणि पक्षी अंडी टाकून निघून जातात. ते होऊ नये म्हणून आम्ही विहिरीचं पाणी तळ्यात सोडतो आणि विहीर आटली की टँकर मागवतो. रात्रपाळीला माणूस असतो. चितळांचा चारा, मगरींचे मासे, डॉक्टर, पंख तुटलेल्या पक्ष्यांचं आयुष्यभराचं खाणं, हे सगळं त्याच तिकिटातून निघतं. सिंह असताना खिडकीवर गर्दी जास्त होती, हे मला माहीत आहे. तरीही आवारं लहान करून नवे प्राणी भरणार नाही.

तुमच्या मुलाने आमच्या माणसाला विचारलं होतं की करकोचा ओरडत का नाही. मोठा चित्रबलाक जवळजवळ मुकाच असतो, घरट्यावर चोची आपटून टकटक आवाज करतो. कलकलाट असतो तो पिल्लांचा. हे त्याला सांगा.

पुन्हा यायचं ठरवलंत तर सकाळी दार उघडल्याबरोबर या, तेव्हा आईबाप मासे घेऊन परतत असतात. बेटासमोरच्या मचाणावर दुर्बीण ठेवलेली असते, तिचे वेगळे पैसे नाहीत. खिडकीवर माझं नाव सांगून मला बोलावून घ्या, मुलांना मी स्वतः फिरवून दाखवीन. आठवड्याची सुट्टी सोमवारी असते.