पाळकांची ‘लुडबुड’ आणि बाल्टिमोर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात चर्चनी एकत्र येऊन महापालिकेकडून मजुरीचा दर वाढवून घेतला, या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. करमाफी घेणाऱ्या चर्चनी शहराच्या कारभारात लुडबुड करणं बेकायदा आहे, हा एक. आणि ‘रविवारच्या प्रवचनानं महापालिका हलते, ही भाबडी समजूत आहे’, हा दुसरा.

पहिला अर्धाच बरोबर. १९५४ साली सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी करकायद्यात घातलेली अट उमेदवारांपुरती आहे: करमाफ संस्थेनं कुणाचा प्रचार करायचा नाही, कुणाच्या विरोधातही नाही. १९९२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनजवळच्या एका चर्चनं राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार क्लिंटन यांच्याविरुद्ध वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात दिली. त्या चर्चची करमाफी गेली, आणि २००० साली अपिलातही चर्च हरलं. (जुलै २०२५ मध्ये मात्र आयकर खात्यानं टेक्सासच्या एका न्यायालयात लेखी मांडलं, की उपासनेत चर्चनं आपल्याच सभासदांशी उमेदवारांबद्दल केलेलं बोलणं प्रचार धरू नये. कायद्याचा मजकूर तोच आहे.) पण कंत्राटी मजुरीचा दर, घरं, शाळा यांवर मागणी करायला बंदी कधीच नव्हती, अशा मागण्या हा संस्थेच्या कामाचा मोठा भाग होऊ नये, एवढंच.

दुसऱ्या आक्षेपाबद्दल. बाल्टिमोरमध्ये १९७७ साली उभी राहिलेली ‘बिल्ड’ ही चर्चची संघटना प्रवचनावर चालतच नाही, हजेरीवर चालते. उमेदवारांना जाहीर सभेला बोलावतात. कोणतं चर्च किती माणसं आणणार, हा आकडा आधी ठरतो आणि त्या दिवशी तपासला जातो. उमेदवाराला भाषणाची मुभा नसते. प्रश्न ठरलेले, वेळ मोजून, उत्तर हो किंवा नाही. कुणालाही पाठिंबा जाहीर होत नाही, म्हणून वरची अटही मोडत नाही. फसतं कुठे, तर प्रश्न सैल असला की. ‘गरिबांसाठी काम कराल का?’ याला नाही कोण म्हणेल? ‘सफाईच्या कंत्राटात ताशी अमुक डॉलर लिहाल का?’ असं विचारलं, की समोरचा चुळबुळ करू लागतो.

मजुरीच्या दराची ही मागणी आली चर्चच्याच अन्नछत्रांतून. रांगेत बेकारच नव्हते, नोकरी असलेलेही होते, आणि त्यांतले काही शहराच्याच कंत्राटांवर राबणारे. बिल्डनं सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनला सोबत घेतलं. महापौर कर्ट श्मोक यांच्या काळात, डिसेंबर १९९४ मध्ये, कायदा झाला: शहराच्या सेवा-कंत्राटांत जुलै १९९५ पासून ताशी किमान ६.१० डॉलर. तेव्हा देशाचा किमान दर ४.२५ होता. चाळीस तासांच्या आठवड्याला १७० ऐवजी २४४ डॉलर.

तुमचा संशय इथे लावला असता तर मी मान डोलावली असती. कायदा फक्त शहराच्या कंत्राटदारांना लागू. खासगी हॉटेलात खाटा आवरणारी बाई त्यात येत नाही. शिवाय दर ठरला, तास नाही ठरले. कंत्राटदारानं आठवड्याचे चाळीसचे पंचवीस केले, तर हातात १५२ डॉलर पन्नास सेंट पडतात, म्हणजे पूर्वीपेक्षाही कमी, आणि कायदा मात्र कुठेच मोडलेला नसतो. दराची चोरी पगारपत्रकात सापडते. तासांची कपात तिथे नियमानुसारच दिसते.