वर सरकवू नका

फेरीबोटीच्या रांगेत उभे असाल तर हे वाचत बसू नका, आधी खेळ उघडा. गोव्यातल्या रायबंदरच्या धक्क्यावरून चोडण बेटाची फेरी आत्ताच सुटली आहे, दुसरी अजून पलीकडेच आहे, स्कूटर स्टँडवर लावलेली आहे आणि उजव्या हाताचा अंगठा रिकामा आहे. रिकाम्या अंगठ्याचा माणूस काय करतो? मांडवीकडे बघतो, खारफुटीतले बगळे मोजतो, शेजारच्या स्कूटरवाल्याला घरची खुशाली विचारतो. हे सगळं टाळायचं असेल तर मोबाइलवरच्या ‘२०४८’ या आकड्यांच्या खेळासारखं औषध नाही.

नियम सांगतो, जांभई द्यायच्या आत संपतील. चार आडव्या ओळी, चार उभ्या रांगा, सोळा घरं. बोट ज्या दिशेला सरकवाल त्या दिशेला सगळे ठोकळे सरकतात. सारख्या आकड्याचे दोन एकमेकांवर आपटले की त्यांचा एक होतो आणि आकडा दुप्पट होतो. प्रत्येक चालीनंतर एका रिकाम्या घरात नवा ठोकळा येऊन बसतो. २०४८ चा ठोकळा झाला की जिंकलात, हलायला जागाच उरली नाही की मेलात. झालं. आमच्या वाड्यावरच्या क्रिकेटला यापेक्षा जास्त नियम होते; चेंडू विहिरीत गेला तर बाद, आणि काढायलाही ज्याने मारला त्यानेच उतरायचं.

मान वर केलीत तर हाच खेळ समोर फेरीवर चाललेला दिसेल. तिथला माणूस हात हलवत "वच मुखार, वच मुखार" (जा पुढे) करत एकेक स्कूटर कोपऱ्यात दाबत असतो. फरक एवढाच, की तिथे दोन सारख्या स्कूटर एकमेकींवर आपटल्या तर त्यांची मोटार होत नाही, भांडण होतं. पण मान वर करू नका. एक फेरी चुकली तर चुकू द्या, मागचे हॉर्न वाजवून कळवतात.

हा खेळ गाब्रिएले चिरुल्ली नावाच्या १९ वर्षांच्या इटालियन मुलाने मार्च २०१४ मध्ये शनिवार-रविवारात लिहिला आणि फुकट वाटून टाकला. त्याच्या महिनाभर आधी ‘थ्रीज’ नावाचा खेळ बाजारात आला होता, त्याच जातीचा. तो करणाऱ्यांनी वर्षाहून जास्त काळ त्यावर घासाघीस केली होती आणि मग त्याचे पैसे मागितले होते, बिचारे. चिरुल्लीने त्या वळणाचं काहीतरी दोन दिवसांत उभं केलं आणि जग त्याच्या मागे लागलं. यातून तुम्ही घ्यायचा धडा सरळ आहे: त्याने दोन दिवस घालवले, तुम्ही निदान दहा वर्षं घालवा. कुणीतरी हिशेब पुरा करायला हवा.

हिशेबाचं निघालं म्हणून सांगतो. नवा येणारा ठोकळा दहातून नऊ वेळा २ चा असतो आणि एकदा ४ चा. म्हणजे एका चालीला सरासरी २.२ ची भर. ठोकळे एकत्र झाले तरी बेरीज कमी होत नाही, तेव्हा २०४८ पर्यंत पोचायला नऊशेहून जास्त वेळा बोट सरकवावं लागतं. एका डावाला. देवापुढे १०८ वेळा नाव घ्यायला सांगितलं तर बाराव्या मण्याला झोप येणारे आपण.

या दुप्पटीच्या गणितात जी गोम आहे ती नवख्याला मुळीच सांगू नका. १०२४ झाला की त्याला वाटतं, आता एकच पायरी राहिली. पायरी एकच, पण तिच्यासाठी आतापर्यंत केलं तेवढं सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं असतं, आणि तेही पंधरा घरांत, कारण सोळाव्यात पहिला १०२४ मांडी ठोकून बसलेला असतो. हाच तो क्षण, जेव्हा घरातून हाक येते, "अहो, पेज निवतेय." "एक मिनिट" म्हणा. खोटं बोलल्याचं पाप लागत नाही, कारण खेळात घड्याळ नाहीच. घड्याळ असतं तर कधीतरी सुटका झाली असती. तुम्ही विचार करत बसाल तितका वेळ तो थांबतो. इतक्या सबुरीने तुमच्यासाठी कुणी थांबल्याचं आठवतंय? आणि एवढं करून २०४८ झालाच, तर खेळ तुमचं अभिनंदन करतो आणि लगेच विचारतो, पुढे चालू ठेवायचं का. पुढे ४०९६ आहे. गणिताप्रमाणे १३१०७२ पर्यंत वाट मोकळी आहे. पेज उद्याचीही निवेल.

जिंकायचंच असेल तर एक युक्ती आहे. सगळ्यात मोठा ठोकळा खालच्या एका कोपऱ्यात बसवायचा, त्याच्या शेजारी त्याहून लहान, मग त्याहून लहान, अशी उतरती ओळ लावायची. डावीकडे, उजवीकडे, खाली सरकवायचं, आणि काही झालं तरी वर सरकवायचं नाही. वर सरकवलंत की मोठा ठोकळा कोपरा सोडतो आणि त्याच्या जागेवर एक फडतूस २ येऊन बसतो. मग तो २ तिथून हलता हलत नाही. (पंचायत निवडणुका पाहिलेल्यांना हे वेगळं समजावायला नको.) गंमत अशी, की बाकी तिन्ही वाटा बंद होऊन वर सरकवण्यावाचून गत्यंतर नाही, अशी वेळ प्रत्येक डावात येतेच.

तेव्हा काय करायचं? खेळाला दोष द्यायचा. माझ्या मते या खेळाची सगळी मोहिनी इथेच आहे. बुद्धिबळात हरलात तर तुम्ही गाढव ठरता, पत्त्यांत हरलात तर पानं वाईट. इथे नव्वद टक्के करणी तुमची आणि थोडीशी दैवाची, त्यामुळे जिंकलं तर डोकं आपलं आणि हरलं तर "नेमका तिथेच ४ आला हो." इतकी सोयीची वाटणी मी आमच्या भाटाच्या, म्हणजे बागायतीच्या, कागदपत्रांतही पाहिली नाही.

आता सार्वजनिक ठिकाणी कसं खेळावं. आमच्या गावच्या जत्रेला दरवर्षी ऐतिहासिक नाटक असतं. देवळापुढे नाटक नाही तर जत्रा कसली? मला अभिनय जमत नाही म्हणून माझ्याकडे प्रॉम्प्टिंग. मांडीवर नाटकाची वही, वहीत मोबाइल. तालमीत एकदा सेनापती "महाराज, शत्रूचं सैन्य..." म्हणून अडला आणि माझ्याकडे कान करून उभा राहिला. माझे दोन २५६ त्याच वेळी एकमेकांना भेटले. "पाचशे बारा!" मी पुटपुटलो. आमचा सेनापती प्रॉम्प्टरवर कधी शंका घेत नाही. "महाराज, शत्रूचं सैन्य पाचशे बारा!" महाराज बँकेत कॅशियर आहेत. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मोजून घेतलंत?"

बसवणाऱ्या सरांनी माझा मोबाइल काढून घेतला तो नाटकाच्या रात्रीपर्यंत दिला नाही. चाळीस वर्षं नाटकं बसवलेला माणूस, त्यांच्यापुढे कोण बोलणार? प्रयोगाला मी नुसती वही घेऊन विंगेत बसलो. दोन अंक बिनचूक गेले. तिसऱ्यात, सेनापती फितुराच्या छातीवर पाय देऊन तलवार उगारतो त्या प्रसंगाला, माझं लक्ष समोरच्या विंगेकडे गेलं. काळोखात सरांचा चेहरा निळसर उजळला होता. मोबाइल माझाच. हात आडवा धरल्यामुळे मोबाइलचा पडदाही मला दिसत होता: खालच्या कोपऱ्यात १०२४, शेजारी ५१२, आणि सरांचा अंगठा वर सरकायच्या बेतात.

"वर नको!" माझ्या तोंडून गेलं. "सर, वर नको, खाली! खाली!"

सरांना ऐकू गेलं नाही. सेनापतीला गेलं. त्याने माझ्याकडे एक नजर टाकली आणि तलवार अलगद खाली ठेवली.