"कोणाला सांगणार नाही" हे वचन देऊ नका

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी पट्ट्यात द्राक्षांची खुडणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं मजुरीला उतरतात. मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून नुकतीच फिल्डवर आले होते, तेव्हाची गोष्ट. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) १६ वर्षांची मुलगी, चौथा महिना. मुलगा तिच्याच पाड्यावरचा. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत ती म्हणाली, "ताई, कोणाला सांगू नका ना."

मी म्हणाले, "नाही सांगत."

आणि दुसऱ्या दिवशी सांगावं लागलं. पोक्सो कायदा, २०१२, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं, नाही कळवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. तिची संमती होती की नव्हती, हा प्रश्न १८ वर्षांखाली कायदा विचारतच नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एवढी वाट करून दिली, की अशा मुलीचा गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवताना, तिने आणि पालकांनी विनंती केली तर, तिचं नाव नाही दिलं तरी चालेल. ती मुभा डॉक्टरांना आहे. वकिलाला अशिलाची गुपितं राखण्याचं संरक्षण आहे. आपल्याला, समाजकार्यकर्त्यांना, यातलं काहीच नाही; आपली केस फाइलही कोर्ट मागवू शकतं.

पण माझी चूक कळवण्यात नव्हती. ती मुलगी पोलीस ठाण्याच्या बाकावर तीन तास बसून होती आणि तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, हे कलम २४ मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. कायद्याने माझ्यावर टाकलेली सक्ती मला पाठ होती, त्याने तिला दिलेले हक्क नव्हते. त्या तीन तासांत तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

आता मी पहिल्याच भेटीत, तिने तोंड उघडायच्या आत सांगते: "तुझ्या बऱ्याचशा गोष्टी माझ्यापाशीच राहतील. पण तू १८ च्या आत असशील आणि काही गोष्टी मला कळल्या, तर मला पोलिसांना सांगावंच लागेल. सांगायच्या आधी तुला विचारून, तुझ्यासोबत येऊन सांगेन." बरेच सहकारी म्हणतात, अशाने मुली बोलणारच नाहीत. हा धोका खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण विश्वासाने बोलती करून मग ठाण्यात नेणं याला मी फसवणूक म्हणते, हेतू कितीही चांगला असो.

गेल्या हंगामात एक मुलगी हे ऐकून उठून गेली. पुन्हा आली नाही. तिच्या वस्तीवर मी दर मंगळवारी जाते, बायकांशी रेशनचं, आधार कार्डाचं बोलते. ती लांबून बघते. परवा तिने पाण्याचा तांब्या आणून दिला आणि काही न बोलता आत गेली.