पहिल्या फटक्याआधीचे दोन फटके

पाच वर्षं मी गोल्फ खेळण्यापूर्वी एकच व्यायाम करत आलो : बुटाची नाडी बांधणे. तोही दोन हप्त्यांत, मध्ये गाडीच्या बंपरला टेकून दम खात. नाडी बांधून झाली की कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघायचं, ‘आज वारा आहे’ असं कोणाला तरी सांगायचं आणि पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, जाऊन उभं राहायचं. इतक्या वर्षांत शरीरानं कधी तक्रार केली नाही. करत असेलही, पण चेंडूचीच तक्रार एवढी मोठी असायची की तिच्यापुढे ही ऐकूच यायची नाही.

मग गेल्या डिसेंबरात, पुण्याच्या थंडीत, सकाळी सव्वासहाला, गवतावर दव आणि अंगात दोन स्वेटर अशा थाटात मी ड्रायव्हर (लांब फटक्याची सगळ्यांत मोठी काठी) फिरवला आणि कमरेत कोणीतरी अडकित्त्यानं सुपारी फोडावी तसा आवाज झाला. चेंडू कुठे गेला ते आठवत नाही. मी मात्र फटका मारून जसा वळलो होतो तसाच राहिलो, चौकातल्या पुतळ्यासारखा. सोबतच्या तिघांना वाटलं, आज शेवटची पोझ झकास जमलीय. कर्नलसाहेब तर ‘होल्ड इट, होल्ड इट!’ म्हणून शाबासकी देत होते. मी होल्ड करण्यावाचून दुसरं काही करूच शकत नव्हतो.

सुदैवानं आमच्या चौकडीत एक हाडांचे डॉक्टर आहेत. त्यांनी मला तिथेच ओल्या गवतावर पालथं घातलं, दोन-तीन ठिकाणी बोट रुतवून मी कुठे जास्त ओरडतो ते पाहिलं आणि मग प्रवचन सुरू केलं. फटका मारताना खांदे वळायला हवेत नव्वद अंश, कंबर फक्त पंचेचाळीस. मधला फरक कोण भरून काढतं? पाठ. क्लबचं, म्हणजे गोल्फच्या काठीचं, टोक ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास पळतं आणि चेंडूला टेकतं ते जेमतेम अर्धा मिलिसेकंद. चेंडूचं वजन नियमानं जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. म्हणजे एका लिंबाएवढ्या वस्तूला अर्धा मिलिसेकंद शिवण्यासाठी तुम्ही बावन्न वर्षांची पाठ पिळता, तीही गारठलेली.

“थंडीत रबर ताणलं तर काय होतं?” त्यांनी विचारलं.

“तुटतं.”

“मग?”

“मग दुसरं आणतो.”

डॉक्टरांनी पुन्हा एकदा बोट रुतवलं.

सहा आठवडे विश्रांती झाली. मग हुकूम सुटला : खेळण्याआधी वीस मिनिटं वॉर्मअप. शिवाय शाळेत शिकवलं तसं पायाचा अंगठा धरून शंभर आकडे मोजत बसायचं नाही. तसं बराच वेळ ताणून धरलं की स्नायूंचा जोर उलट कमी होतो. अंग हलतं ठेवायचं. हात गोल फिरवा, पाय झुलवा, क्लब खांद्यावर आडवा धरून कंबर वळवा.

मी आधी घरीच तालीम करायचं ठरवलं. दिवाणखान्यात क्लब फिरवायला बंदी आहे (समईची वरची चकती आणि मी यांच्यात पूर्वी एक प्रसंग होऊन गेलाय), म्हणून हातात झाडू घेतला. झाडू खांद्यावर आडवा, गुडघे किंचित वाकलेले, कंबर डावीकडे, कंबर उजवीकडे, तोंडानं हूं हूं. तेवढ्यात कामाच्या मावशी आल्या. थोडा वेळ दारातच उभ्या राहिल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, “वहिनी, साहेबांच्या अंगात येतं का हो?”

“रविवारचं येतं,” बायको म्हणाली. “झाडू तेवढा काढून घ्या.”

त्याच आठवड्यात साताऱ्याहून काका आले होते. वय अठ्ठ्याहत्तर, रोज चोवीस सूर्यनमस्कार, औषधाची एक गोळी नाही. “औंधच्या पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळाशाळांतून पोरांना सूर्यनमस्कार घालायला लावले,” ते म्हणाले, “ते काय मोठेपणी काठीनं गोटी ढकलायला?” गोल्फबद्दल त्यांचं मत तेवढ्यावरच थांबलंय. मी वाद घातला नाही, कारण मनातून मला ते पटतं. आम्ही लहानपणी दिवसभर विटीदांडू खेळलो. त्यातही दांडू, त्यातही फटका, वर विटी हवेत उडालेली, म्हणजे गोल्फपेक्षा अवघडच. पण विटी कोलण्याआधी कोणी मांडीचे स्नायू सैल करून घेतल्याचं मला आठवत नाही. वॉर्मअप एवढाच, की आई हाका मारायची आणि आम्ही पळायचो.

तरी अभ्यास म्हणून मी स्पेनच्या मिगेल आंखेल हिमेनेथची चित्रफीत पाहिली. मागे बांधलेली पोनी, तोंडात सिगार, पोट थोडं सुटलेलं. या गृहस्थानं २०१४ साली, वयाच्या पन्नाशीत, स्पॅनिश ओपन जिंकली आणि युरोपियन टूरवरचा सर्वांत वयस्कर विजेता ठरला. त्याचा खेळ बघायला लोक येतात तसे वॉर्मअप बघायलाही येतात. दोन्ही गुडघे जोडून तो ते असे काही गोल फिरवतो की बघणाऱ्याला शिट्टी मारावीशी वाटते. पोट आणि पन्नाशी एवढं भांडवल माझ्याकडे होतंच. मी आरशासमोर उभं राहून गुडघे जोडले आणि फिरवले. हिमेनेथमध्ये लावणीचा ठेका दिसतो. माझ्यात चिखलात रुतलेली रिक्षा दिसली.

वॉर्मअपचा उत्तरार्ध रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, व्हायचा. तिथे पन्नास चेंडूंची बादली मिळते. डॉक्टरांचं म्हणणं, पंधरा-वीस चेंडू पुरे. आधी छोट्या क्लबनं अर्धे फटके, मग सात नंबरच्या क्लबनं, शेवटी ड्रायव्हरचे दोन-तीन. पण पैसे पन्नास चेंडूंचे भरलेले असताना तीस चेंडू तसेच ठेवून जाणारा माणूस आमच्या आळीत जन्माला यायचाय. अमर्यादित थाळीत बासुंदीची चौथी वाटी ज्या भावनेनं संपवतात त्या भावनेनं मी बादली संपवतो. आणि काय सांगू, तिथे चेंडू जातात! सरळ, उंच, शेवटी अलगद उजवीकडून डावीकडे झुकत. माझ्या आयुष्यातले सगळे उत्तम फटके रेंजवर मारले गेले आहेत. मग जाळीची गाडी फिरते, ते सगळे गोळा करते आणि परत बादलीत भरते.

मंथली मेडलच्या, म्हणजे क्लबच्या मासिक स्पर्धेच्या, दिवशी मी पन्नासच्या पन्नास मारून, घामाघूम होऊन, पहिल्या टीजवळ आलो. नऊ मिनिटं शिल्लक होती. तिथे कमरेएवढं लोखंडी रेलिंग आहे. एक तरुण खेळाडू त्यावर टाच ठेवून मांडीची मागची बाजू मोकळी करत होता. तो गेल्यावर मीही टाच ठेवली. पाय वर गेला, हाच मला धक्का होता. दुसरा धक्का दोन मिनिटांनी बसला, कारण तो खाली येईना.

अशा वेळी आरडाओरडा करणं माझ्या स्वभावात नाही. मी चेहरा विचारमग्न ठेवला. येणारे-जाणारे ‘गुड मॉर्निंग’ म्हणत होते, मीही म्हणत होतो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. त्यांनी पाण्याच्या टँकरचा विषय काढला आणि टेरेसच्या गळतीपर्यंत नेला. मी एका पायावर सगळ्याला होकार दिला. तेव्हापासून मेंटेनन्स वाढलाय, तो त्यातूनच. तिकडे स्टार्टरनं, म्हणजे खेळाडूंना क्रमानं सोडणाऱ्या माणसानं, माझं नाव पुकारलं. मग पुन्हा पुकारलं.

शेवटी आमचे कॅडी मामा खांद्यावरची बॅग खाली ठेवून जवळ आले. एसटीच्या टपावरचं गाठोडं उतरवण्याबद्दल विचारावं तितक्या सहजपणे म्हणाले, “पाय खाली घेऊ का, साहेब?”

मी मान हलवली. त्यांनी दोन्ही हातांनी पाय उचलला आणि जमिनीवर ठेवला.

मी टीवर पोचलो तेव्हा तीन मिनिटं उशीर झाला होता. कर्नलसाहेब खिशात नियमांचं पुस्तक बाळगतात. पाच मिनिटांच्या आत आलात तर बाद नाही, पण दोन फटक्यांचा दंड, हे त्यांनी पान न उघडता सांगितलं. म्हणजे पहिला फटका मारायच्या आधीच मी दोन फटके खाल्ले होते.

पुढचं पटकन सांगतो. मागे दोन चौकड्या खोळंबलेल्या, सगळ्यांचे डोळे माझ्या पाठीवर. मी एक मोकळा सराव-फटका घ्यायला गेलो आणि नेमका तो चेंडूला लागला. चेंडू टीवरून (तो ठेवायच्या खुंटीलाही टीच म्हणतात) घरंगळत हातभर पुढे. मला वाटलं, संपलं. पण नाही : मारायचा हेतूच नव्हता, म्हणून मोजायचा नाही, चेंडू परत टीवर ठेवा. मी ठेवला. श्वास घेतला. या वेळी अगदी मारायच्या हेतूनं क्लब फिरवला आणि चेंडू जागचा हलला नाही. हा मात्र मोजला गेला. खुनाच्या खटल्यासारखंच आहे हे, हेतूला महत्त्व. फरक एवढाच की इथे मयत जिवंत असला तरी शिक्षा होते.

अंग खरं तापलं ते चौदाव्या होलला. पंधराव्यावर पार, म्हणजे नेमून दिलेल्या फटक्यांत चेंडू खळग्यात. सोळाव्यावर पार! मी हिमेनेथसारखा चालू लागलो. सतराव्याला पुढच्या चौकडीचा चेंडू झुडपात हरवला. नियमानं शोधायला तीन मिनिटंच मिळतात, पण त्यांच्यात बहुतेक कर्नल नव्हता. आम्ही एक चतुर्थांश तास उभे. अंग गार. सतराव्यावर नऊ, अठराव्यावर आठ.

परतताना मी मामांना विचारलं, “मामा, तुम्ही सोमवारी खेळता ना? आधी काय करता?” सोमवारी मैदान सभासदांना बंद असतं, तेव्हा कॅडी खेळतात. मामांचा खेळ मी एकदा कुंपणाबाहेरून पाहिलाय. पायात चपला, हातात कोणाची तरी जुनी सात नंबर, आणि चेंडू दोरी धरल्यासारखा सरळ. यात नवल नाही. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक, अली शेर, हाही कॅडीच होता.

मामा तंबाखू मळत होते. तळहातावर एक थाप मारून म्हणाले, “काय करायचं? लोहगावावरनं सायकल मारत येतो. इथं आलं की अंग गरमच असतं.” मग थोडं थांबून, “तुम्ही गाडीत एसी लावता का हो?”

पुढच्या रविवारी मी मुलाची सायकल पुसली, हवा भरली, अंधारातच निघालो. डॉक्टरांना, कर्नलना, कोणालाच सांगितलं नव्हतं. पहिला चढ मी बसून चढलो, दुसरा उभा राहून, तिसरा उतरून चालत. पण क्लबच्या फाटकातून आत शिरताना मी सीटवर होतो आणि छाती पुढे होती. वॉचमननं सलाम ठोकला. मी सायकल सावकाश नेऊन त्याच रेलिंगला टेकवली, एका हातानं ते धरलं आणि उतरण्यासाठी उजवा पाय मागून उचलला. तो सीटपर्यंत आला.

तिथून पुढे आला नाही.

मामा बॅगा लावत होते. त्यांनी वर पाहिलं, हातातली बॅग खाली ठेवली आणि तंबाखूचे हात पँटला पुसत माझ्याकडे निघाले.