कार्टर, शाळामंडळ आणि प्रोसिडिंग बुक

अमेरिकेचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर म्हटलं की आपल्याकडे दोन आठवणी निघतात. त्यांच्या आई लिलियन अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून मुंबईतल्या विक्रोळीला आल्या आणि नर्सचं काम करून गेल्या, ही एक. आणि २००६ मध्ये लोणावळ्याजवळच्या पाटण गावात कार्टर स्वतः घरं बांधायला उभे राहिले, ही दुसरी. (ब्रॅड पिटही आला होता, तेव्हा गर्दी कुणासाठी जास्त जमली असेल हे मी सांगायला नको.)

मी मात्र त्यांच्याकडे वळलो ते शाळामंडळाचे सभासद म्हणून. दोन वर्षांपासून मी आमच्या शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. आधीच लिहून ठेवलेल्या प्रोसिडिंगवर, म्हणजे सभेच्या इतिवृत्तावर, सही करायची आणि चहा घेऊन घरी यायचं, एवढंच काम आजवर केलं. म्हणून हा माणूस त्या खुर्चीत बसून काय करत होता, याची उत्सुकता वाटली.

जॉर्जिया राज्यातलं प्लेन्स, जेमतेम सहाशे वस्तीचं गाव. वडील भुईमुगाचे शेतकरी आणि व्यापारी, शाळामंडळावर होते, पुढे आमदारही झाले. १९५३ मध्ये ते कर्करोगाने गेले आणि नौदलात पाणबुड्यांवर असलेले जिमी नोकरी सोडून वडिलांची शेती आणि दुकान सांभाळायला गावी परतले. बायको रोझलिन यांना हे अजिबात पसंत नव्हतं. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, नफा दोनशे डॉलरही झाला नाही. १९५५ मध्ये त्यांना सम्टर काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शाळामंडळावर घेतलं, तेही नेमणुकीने, मतं न मागता. बाप होता, आता मुलगा. आपल्याला यात नवं काहीच नाही.

पण साल बघा. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच सांगितलं होतं. कार्टर मंडळावर आले तेव्हा काउंटीत गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. गोरी मुलं बसने जातात आणि काळी मुलं पायी, हे मंडळावर काही महिने काढेपर्यंत आपल्या लक्षातच आलं नाही, अशी कबुली त्यांनीच पुढे दिली. तोच रस्ता, तीच मुलं रोज समोरून जाणारी! चरित्रकारांनी मंडळाची जुनी इतिवृत्तं चाळली, तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली. १९५६ मध्ये काळ्या मुलांच्या प्राथमिक शाळेची जागा गोऱ्या पालकांना खटकली, तेव्हा बांधकाम थांबवून जागा बदलण्याचा विचार व्हावा, या ठरावाचे सूचक होते जिमी कार्टर.

मग हा माणूस भित्रा होता का? तसंही म्हणता येत नाही. वर्णभेद टिकवण्यासाठी निघालेल्या ‘व्हाइट सिटिझन्स कौन्सिल’ची वर्गणी पाच डॉलर होती. आम्ही भरतो तुमचे पैसे, फक्त नाव द्या, इतकं ओळखीच्या लोकांनी सांगूनही कार्टर यांनी नकार दिला. काही गिऱ्हाइकांनी दुकानाकडे पाठ फिरवली. म्हणजे दुकानात ताठ, सभेत मवाळ. मला हे फार ओळखीचं वाटलं आणि बरं वाटलं नाही.

सभेबाहेर पडून ते उघड लढले १९६१ मध्ये. काउंटीच्या आणि अमेरिकस शहराच्या शाळा एकत्र आणून मोठ्या, बऱ्या शाळा काढायच्या, अशी योजना होती. गावची शाळा जाणार हा राग होताच, पण एकत्रीकरणातून पुढे काळी-गोरी मुलं एका वर्गात येतील, ही भीती त्याहून मोठी. वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढायची म्हटलं की आपली गावं कशी पेटतात ते आठवा, आणि त्यात हे विष मिसळा. जनमत घेतलं, योजना ८८ मतांनी पडली. कार्टर यांच्या स्वतःच्या गावाने विरोधात मतं टाकली.

१ ऑक्टोबर १९६२, त्यांचा अडतिसावा वाढदिवस. सकाळी चर्चचे कपडे चढवलेले पाहून रोझलिननी विचारलं, कुणाच्या अंत्यविधीला निघालात? निघाले होते राज्याच्या सिनेटसाठी अर्ज भरायला. मतदान पंधरा दिवसांवर. आधी निकाल विरुद्ध गेला. मग जॉर्जटाउनचं एक केंद्र तपासलं. मतदार ३३३, मतपत्रिका ४२०! शंभरावर लोकांनी आडनावाच्या अक्षरांच्या क्रमाने ओळीत येऊन मतदान केल्याची नोंद, त्यात काही मेलेलेसुद्धा. गावाचा कारभारी जो हर्स्ट लोकांना आपल्या नजरेसमोर मत द्यायला लावत होता. (बूथ कसं ‘मॅनेज’ होतं हे शिकायला कुणी अमेरिकेला जायला नको.) प्रकरण न्यायाधीशांपुढे गेलं, ते मतदान बाद झालं आणि कार्टर सिनेटर झाले.

पण तेवढ्यावरून त्यांना सरळ देव्हाऱ्यात बसवायला मी तयार नाही. १९७०च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत त्यांनी पुन्हा वर्णभेदवाल्यांची मतं चुचकारली. निवडून आल्यावर, जानेवारी १९७१च्या शपथविधीत, वर्णभेदाचे दिवस संपले असं जाहीर केलं. न्यायालयाच्या निकालानंतर सतरा वर्षांनी. तोवर पायी चालणारी ती मुलं मोठी होऊन गेली होती. नोबेल, पाटणची घरं, सगळं मान्य. पण माझ्या लेखी त्यांचा खरा हिशोब १९५५ ते १९६२ या सात वर्षांत आहे, कारण तिथे त्यांच्याकडे कुणाचा कॅमेरा नव्हता, फक्त एक वही होती.

परवाच्या सभेत मी पहिल्यांदाच म्हटलं, आधी प्रोसिडिंग वाचून दाखवा, मग सही करतो. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चहाच नाकारला. मागच्या महिन्यात शौचालय दुरुस्तीचा ठराव मंजूर झाला होता. सूचक म्हणून माझं नाव होतं. त्या दिवशी मी गावातच नव्हतो.