तासलेली वेब्ली आणि ‘काही फरक पडत नाही’

अमेरिकेतल्या जुन्या बंदुकांच्या शौकिनांत एक दावा वर्षानुवर्षं फिरतोय. वेब्ली मार्क सिक्स या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचं फिरतं नळकांडं, मागून जरासं तासलं की त्यात सहज मिळणारं .४५ एसीपी हे अमेरिकी पिस्तुलाचं काडतूस चालतं आणि हत्याराच्या कामात काडीचाही फरक पडत नाही. पुरावा काय, तर आयातदारांनी स्वतःच तासून विकल्या, आणि ‘आम्ही शेकडो गोळ्या झाडल्या, काही झालं नाही’.

काडतूस बसतं, हे खरं. ही वेब्ली १९१५ साली ब्रिटिश सैन्याने घेतली ती .४५५ च्या, म्हणजे साधारण तेवढे इंच व्यासाच्या गोळीच्या, काडतुसासाठी. त्याच्या बुडाला कड असते आणि त्या कडेवरच ते सिलिंडरला टेकून राहतं. .४५ एसीपी पिस्तुलाचं, त्याला तशी बाहेर आलेली कड नाही. म्हणून पत्र्याच्या अर्धचंद्राकृती चकतीत तीन-तीन काडतुसं अडकवून भरतात. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या १९१७ च्या रिव्हॉल्व्हरांसाठी हीच युक्ती वापरली होती. चकतीला जागा हवी, म्हणून तासणं.

पण बसणं वेगळं आणि पेलणं वेगळं. बार उडताना .४५५ चा दाब दर चौरस इंचाला साधारण १३,००० पौंड. .४५ एसीपीची अमेरिकेतली कमाल मर्यादा २१,०००. म्हणजे दीडपटीहून जास्त. ‘वेब्ली म्हणजे लोखंडाचा ठोकळा’ हे बोलायला ठीक, पण सहा घरांच्या सिलिंडरची भिंत सगळीकडे सारखी जाड नसते. शिवाय वेब्ली मधोमध मोडून उघडते. प्रत्येक बाराचा ताण वरच्या कडीवर आणि खालच्या बिजागरीवर येतो. कडी सैल होत जाते ती हळूहळू, त्यामुळे शेकडो गोळ्यांत काही दिसलं नाही म्हणजे काही झालं नाही, असं नाही. आणि ज्याचं सिलिंडर तडकलं, तो ‘मस्त चालते’ म्हणून सांगत फिरत नाही!

गोळीचंही तेच. मूळची गोळी मऊ शिशाची, बुडाशी पोकळ. दाबाने फुगून नळीतल्या आट्यांना, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांना, घट्ट धरणारी. तांब्याच्या आवरणातली .४५ किंचित बारीक, आणि ती तशी फुगत नाही. नेम सुटला की दोष म्हाताऱ्या वेब्लीला.

आयातदारांचं म्हणाल तर त्यांचं गणित धंद्याचं होतं. .४५५ काडतुसं दुर्मीळ, .४५ एसीपी ढिगाने. तासलं की माल खपतो. तेवढंच.

राहिलं ‘काम तेच राहतं’. तासलेल्या सिलिंडरमध्ये मूळचं .४५५ भरून बघा. कडेमागे नको इतकी फट राहते, घोड्याचा ठोका उथळ बसतो आणि बार फुसका जाऊ शकतो. ज्या कामासाठी ती बनली तेच गेलं की! तासलेलं लोखंड परत येत नाही. दुसरं अखंड सिलिंडर शोधायचं आणि जाणकार बंदूक-कारागिराकडून जुळवून घ्यायचं, तेही मिळालं तर.

हातात तासलेलीच आली असेल, तर आधी त्याच कारागिराकडून कडी, बिजागरी आणि सिलिंडर तपासून घ्यावं. मग .४५५ च्याच दाबात राहणारी, शिशाच्या गोळीची सौम्य काडतुसं वापरावीत, दुकानातलं नेहमीचं .४५ एसीपी नाहीच. अखंड वेब्ली असेल त्याने मात्र तासून देणाऱ्या लेथवाल्याचा पत्ताच विचारू नये. इटलीच्या फिओकी कंपनीने .४५५ काडतुसं नव्याने बनवलेली आहेत. महाग पडतात, पण सिलिंडरपेक्षा स्वस्तच.