बरे झालेल्या माणसाने काय सांगावे?

जून महिन्याचा पहिला रविवार कर्करोगातून बरे झालेल्यांचा दिवस म्हणून पाळला जातो आणि त्या सुमारास ‘जिद्दीने कॅन्सरवर मात’ अशा मथळ्यांच्या मजकुरांची माझ्या फोनवर रीघ लागते. पाठवणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु स्तनाच्या कर्करोगाचे उपचार घेतलेली आणि गेली काही वर्षे दादरला भरणाऱ्या रुग्णांच्या एका छोट्या गटात नियमित जाणारी बाई म्हणून मला आता ठामपणे वाटते की, नव्या रुग्णाला खरा आधार मिळतो तो बरे झालेल्या माणसाने सांगितलेल्या बारीकसारीक, घरगुती, कधीकधी ओशाळवाण्या तपशिलांतून. जिद्दीचा गौरव ऐकून तो टाळ्या वाजवतो आणि घरी जाऊन एकटाच घाबरतो.

आमच्या गटात बेस्टमधून निवृत्त झालेले एक काका येतात. तोंडाच्या कर्करोगात त्यांच्या जबड्याचा काही भाग काढावा लागला, छातीवरचे मांस आणि कातडी घेऊन गाल बांधला गेला आणि पुढे शेकही (रेडिएशन) घ्यावे लागले. त्यांचे बोलणे कळायला पहिल्या दिवशी कष्ट पडतात. एकदा जळगाव जिल्ह्यातला एक तरुण बायकोबरोबर आला होता. उपचार संपले होते, पण तोंड दोन बोटांएवढेही उघडत नव्हते. काकांनी खिशातून रबरबँड लावलेली आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्यांची जुडी काढली, दाढांच्या मधे काड्या धरल्या आणि मग त्यांच्या मधोमध आणखी एक काडी हळूच सरकवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, ते त्यांनी पुसले नाही. “रोज एक वाढवायची नाही, आठवड्याला एक वाढली तरी पुष्कळ. सकाळी कोमट पाण्याने गुळण्या झाल्या की बसायचं,” असे त्यांनी सांगितले.

हाच व्यायाम त्या तरुणाला रुग्णालयात शिकवलेला होता. त्याचा छापील कागद घडी करून त्याच्या फायलीत ठेवलेला होता. तरीही त्याने तो सोडून दिला होता, कारण दुखू लागले की आतले टाके उसवत असावेत अशी त्याची समजूत झाली होती आणि ओपीडीच्या गर्दीत एवढ्याशा शंकेसाठी डॉक्टरांना थांबवायचा त्याला संकोच वाटला होता. काकांचे डोळे भरलेले पाहिल्यावर त्याने विचारले, “एवढं दुखणं बरोबर आहे का?” काकांनी त्याला आपले अनुभव सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्टकडे जाऊन विचारायलाही लावले. मग इतका वेळ गप्प बसलेल्या त्याच्या बायकोने विचारले की, भाकरी पुन्हा कधी खाता येईल. काका म्हणाले, भाकरीचे मला सांगता येणार नाही, मी अजून दुधात कुस्करूनच खातो, पण नात आता माझ्या शेजारी जेवायला बसते, आधी बसत नव्हती.

माझ्या मते त्या दुपारी त्या तरुणाला मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच अर्धवट माहिती होती. पूर्ण बरे झाल्याची ग्वाही काकांनी दिली नाही, कारण ती त्यांच्याजवळ नव्हती.

बायकांच्या बाबतीत हे सारे आणखी खालच्या आवाजात चालते. शस्त्रक्रियेनंतर लावलेल्या नळीची पिशवी साडीत कशी सांभाळायची, ब्लाउजच्या आतली कापसाची गादी एका बाजूला सरकू नये म्हणून ती कशी टाचायची, काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात सुजतो तेव्हा लोकलच्या दांडीला धरून उभे राहावे की नाही, नवऱ्यासमोर कपडे बदलायला धीर कधी आला, हे प्रश्न तपासणीच्या खोलीत विचारले जात नाहीत. आमच्याकडे अजूनही अशा घरच्या बायका येतात, ज्यांनी मुलीचे लग्न ठरेपर्यंत आपला आजार चुलत दिरापासूनही लपवलेला असतो. अशी बाई जेव्हा दुसरीच्या तोंडून ‘मीही लपवला होता’ एवढे ऐकते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी पाहिला आहे.

ही कल्पना नवी नाही. १९५२ साली अमेरिकेत टेरेसे लॅसर या बाईंनी स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर इतर स्त्रियांना भेटायला सुरुवात केली आणि त्यातून ‘रीच टू रिकव्हरी’ हा उपक्रम उभा राहिला. आपल्या मुंबईत तर अशा कामाला पूरक जमीन फार जुनी आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि तेव्हापासून देशभरातून माणसे तिथे येत राहिली. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, जेरबाई वाडिया रस्त्याच्या पदपथावर, स्टोव्ह पेटवताना आणि फायली उशाशी ठेवून झोपताना, कोणत्याही संस्थेने सांगायच्या आधीपासून हे लोक एकमेकांना आपापली हकिकत सांगत आले आहेत. जन आरोग्य योजनेचे कागद कोणत्या खिडकीवर द्यायचे, हेसुद्धा पुष्कळांना तिथेच कळते. व्ही केअरसारखी संस्था १९९४ पासून बरे झालेल्यांनाच स्वयंसेवक म्हणून रुग्णांपर्यंत नेते, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

मात्र या हकिकतींना आपण नको ते सामर्थ्य चिकटवतो, तिथे माझा विरोध आहे. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डेव्हिड स्पीगल यांचा एक अभ्यास आला होता. पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या आणि आधारगटात जाणाऱ्या स्त्रिया अधिक काळ जगल्या, असे त्यात दिसले आणि जगभर मोठी आशा निर्माण झाली. पण २००१ साली कॅनडातील मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे आढळले नाही आणि २००७ साली स्पीगल यांच्या स्वतःच्याच पुढच्या अभ्यासातही एकंदर तसेच दिसून आले. २००१च्या अभ्यासात एवढे मात्र दिसले की, विशेषतः जास्त खचलेल्या स्त्रियांची मनःस्थिती गटामुळे सुधारली आणि त्यांना वेदना कमी जाणवल्या. मला हे पुरेसे वाटते. वेदना कमी जाणवणे ही लहान गोष्ट आहे असे ज्याला वाटते, त्याने केमोच्या तिसऱ्या दिवशी एखाद्या रुग्णाजवळ बसून पाहावे.

बरे झाल्याची गोष्ट उपचारांची जागा घेऊ लागते, तेव्हा काय होते हे २०२४ च्या नोव्हेंबरात आपण पाहिले. नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या बरे होण्याचे श्रेय हळद, कडुनिंब, लिंबूपाणी आणि आहारातील बदलांना दिले. टाटा स्मारक रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ तज्ज्ञांना निवेदन काढून सांगावे लागले की, या दाव्यांना आधार नाही आणि उपचार लांबवू नयेत. सिद्धू यांच्या पत्नीने शस्त्रक्रिया आणि केमोही घेतली होती, आणि पुढे सिद्धू यांनी आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतल्याचे स्पष्टही केले. पण ऐकणाऱ्याच्या मनात हळदच राहिली. आमच्या गटातही त्या आठवड्यात एका मावशींनी पुढची केमो घ्यावी की नाही, असे विचारले. त्यांना उत्तर दिले ते हळद आणि केमो दोन्ही घेतलेल्या एका बाईंनी, आणि केमो सुरू झाल्यावर कोणत्या दिवशी गाठ लहान झाल्याचे सोनोग्राफीत दिसले हे फायलीतून काढून दाखवले.

आणि जे या आजारातून वाचत नाहीत त्यांचे काय? भुसावळचा मुकेश हराणे २००९ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, गुटख्याने झालेल्या तोंडाच्या कर्करोगाने गेला. त्याची हकिकत तंबाखूविरोधी जाहिरातीमुळे चित्रपटगृहांतून जितक्या लोकांपर्यंत पोहोचली, तितकी क्वचितच एखाद्या बऱ्या झालेल्या माणसाची पोहोचली असेल. त्या काळोखात काही लोक हसत असत आणि मला तेव्हा आपल्या माणसांची लाज वाटे. पण त्याच सुमारास टाटा रुग्णालयातले डॉक्टर तंबाखूचे बळी ठरलेल्या रुग्णांना घेऊन मंत्र्यांना भेटत होते. रुग्णांनी आपले चेहरे दाखवले, काहींनी वाचा गेल्यावर कागदावर लिहून सांगितले. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, त्यामागे या माणसांचाही हात होता असे मी मानते. ‘लढला तो जिंकला’ हा हिशेब लावला, तर मुकेश हरलेला ठरतो आणि हे मला कदापि मान्य नाही.

म्हणून आमच्या गटात ज्यांचे माणूस गेले त्यांनाही आम्ही बोलावतो. मागच्या वर्षी एका बहिणीने येऊन सांगितले की, शेवटच्या महिन्यात पॅलिएटिव्ह म्हणजे वेदना हलक्या करणाऱ्या उपचारांची वेदनाशामके वेळेवर मिळाल्याने भाऊ शांत झोपू शकला, आणि ती औषधे घेणे म्हणजे हार मानणे नव्हे हे आधी कळले असते, तर आणखी काही रात्री त्याने तळमळत काढल्या नसत्या. त्या दिवशी तिथे बसलेल्या तिघाचौघांनी तिचा फोन नंबर घेतला.

तुम्ही उपचार पूर्ण केले असतील आणि फॉलोअपसाठी परळला येत असाल, तर नवीन रुग्णाशी बोलताना त्याला आधी विचारा की, त्याला कशाची भीती वाटते आहे. मग तेवढ्याचेच उत्तर द्या. कोणते औषध चालले यापेक्षा उलटी झाल्यावर काय खाल्ले, रजा कशी मागितली, पैसे कुठून उभे केले हे सांगा. जे अजून सुधारलेले नाही तेही सांगा, आणि डॉक्टरांना विचारायचा प्रश्न त्याच्या फायलीच्या मागच्या पानावर त्याच्या हाताने लिहून घ्या.